गंजावर रंग

माझं नाव स्तामातिस. म्हणजे ‘थांब’.
पाच लेकरांनंतर आईनं देवाला घातलेलं
ते गाऱ्हाणं होतं.
मी मात्र कशातच थांबलो नाही.

पेरामाच्या गोदीत चौतीस वर्षं
लोखंडाला लोखंड जोडतो.
दोन सांध्यांमध्ये एक सिगरेट.
काडीसुद्धा लागायची नाही,
तापल्या पत्र्याला टेकवली की झालं.

देस्पिनानं रॉटरडॅमहून
फोनमध्ये एक होडी पाठवली.
न ओढलेल्या दर दिवसाला एक फळी,
आठवड्याला शीड, महिन्याला घंटा.
“ओढलीत, तर लाल बटण दाबायचं, बाबा.
होडीला भोक पडतं.”
मी हसलो.
खरी जहाजं बुडताना पाहिलेला माणूस
बोटभर होडीला काय भिणार?

भ्यालो.
तलफ आली की अंगठ्यानं वल्हं मारायचं,
नव्वद सेकंद.
जेवणाच्या सुट्टीत लेफ्तेरिस ओरडायचा,
“मार, म्हाताऱ्या, मार!”
त्याच्या तोंडात पेटलेली.

एकेचाळिसाव्या दिवशी काहीच घडलं नाही.
कुणी मेलं नाही, कुणी भांडलं नाही.
वारा पडला होता.
लेफ्तेरिसनं सवयीनं पाकीट पुढे केलं,
मी सवयीनं घेतली.

बटण दाबलं नाही.
रात्री होडीला नवी फळी आली,
देस्पिनाकडून टाळ्या.
तिसऱ्या दिवशी तर मला कप्तानाची टोपी मिळाली.

तपासनीस यायच्या आधी
गंजावर रंग फासतात गोदीत.
मीही फासलाय, दोन-तीन सांध्यांवर.
ते कुठल्या जहाजांत आहेत
मला अजून पाठ आहे.

पहाटे तीनला उठून बटण दाबलं.
ज्यानं कुणी ही होडी केली
त्यानं नीट पाहिलं असावं:
आधी मागची बाजू गेली,
मग शीड, मग घंटा,
शेवटी टोपी, जरा वेळ तरंगून.

लगेच फोन वाजला. एवढ्या रात्री ती जागी?
“बाबा, काय झालं?”
“ओढली. शनिवारी.”
पलीकडे कितीतरी वेळ नुसता श्वास,
आणि लायटरचा तो खटका,
जो मी झोपेतही ओळखेन.
“तुझी होडी?”
“गेल्या महिन्यातच, बाबा.
बटण तेवढं दाबलं नव्हतं.”

रागवायला हवं होतं मी.
पण तिच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता,
आवाज येत होता फोनमधून.
“वायसर बदल,” म्हटलं,
“आधी मागचा कॉक बंद कर.”
ती पाना शोधत राहिली
आणि मी फोन धरून होतो
उजाडेपर्यंत.