मसुदा पाचवा

जुन्या आराखड्यात पाणी एकवचनी होतं.
नव्यात त्याचे सात प्रकार,
प्रत्येकाला मी दिलेला एकेक रंग:
विहिरीचं करडं, समुद्राचं गोडं केलेलं निळं,
आणि शुद्ध केलेलं सांडपाणी?
संचालक म्हणाले, हिरवा द्या, लोकांना बरं वाटतं.

इझकीला तपासणीला गेलो तेव्हा
खजुरांच्या सावलीत, फलजच्या काठावर
सुलैयम अल-दरमकी पाण्यात पाय सोडून बसलेला.
वय विचारलं तर म्हणाला,
मोठ्या पुरानंतर दोन वर्षांनी जन्मलो.

झुवैनानं त्याला समजावलं,
वाटप आता घनमीटरमध्ये लिहायचंय.
त्यानं ओंजळ भरली, ओतून दिली.
‘पाणी कुठं मोजतो आम्ही, पोरी,
वेळ मोजतो.
आटलं तर सगळ्यांचंच आटतं,
पाळी कुणाची चुकत नाही.’
मग भर दुपारी बोटानं आभाळ दाखवलं,
रात्रीची पाळी बदलणारा तारा
जिथं उगवणार होता, तिथं.

मी वहीत लिहिलं: एकक, अथर. अर्धा तास, अंदाजे.
‘अंदाजे’खाली झुवैनानं रेघ मारली.

मला पांझरेकाठचे फड आठवले,
खांद्यावर फावडं टाकून बांधाबांधानं जाणारा पाटकरी.
पण माझ्या हुद्द्यात आठवण बसत नाही.

परतताना निरीक्षण विहीर क्रमांक अकरा.
टेप सोडली.
पाण्याला टेकल्याची शिट्टी ऐकायला
गेल्या साली थांबलो होतो
त्याहून जास्त थांबलो.
कुणी काही बोललं नाही.

आमच्यात म्हणतात, कुठंतरी पाणी मुरतंय,
म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे.
इथं आम्ही त्याच रकान्यासाठी जीव टाकतो:
पुनर्भरण, दशलक्ष घनमीटर.
मुरू दे बाबा,
कुठंतरी मुरू दे.

पान बेचाळीस. लोकसंख्या, सन दोन हजार चाळीसपर्यंत.
नागरिक. त्याखाली ‘इतर’,
दरडोई एकशे ऐंशी लिटर.
त्या इतरांत मी आहे, एकोणीस वर्षं,
माझी अंघोळ, माझा भात,
बाल्कनीतला न वाढणारा कढीपत्ता.
व्हिसा मार्चपर्यंत.

संचालकांनी ‘अथर’ खोडलं.
दोन दिवसांनी, रात्री उशिरा, त्यांचाच फोन:
माझ्या मामाची पाळी पहाटेची असायची.
आम्हा पोरांना उठवून न्यायचा.
(मध्ये बराच वेळ काही नाही.)
परिशिष्टात टाका.

परिशिष्ट कुणी वाचत नाही.
तरी ताऱ्यांची नावं एकेक करून टाइप केली,
सुलैयमनं सांगितली तशी, त्याच क्रमानं.
एक अजून पक्कं नाही.
गुरुवारी पुन्हा जायचंय विचारायला.
रात्री या, म्हणालाय.
दिवसा काय दाखवू?