लागू त्या चौकटीत खूण करा

फॉर्ममागे बावीस रुपये, चहा ज्याचा त्याने.
दांडिया बाजार ते रावपुरा, चाळीस घरं,
आणि सगळे प्रश्न एकाच मालिकेबद्दल.
गुरुवारी रात्री दहाला लागते ती,
जिच्यात एक दाढीवाला अंधाऱ्या खोलीत बसून
दर दहा मिनिटांनी विचारतो,
'पण हे खरंच असं घडलं का?'
आणि लगेच साबणाची जाहिरात.

प्रश्न पहिला. मालिका आपणांस विश्वासार्ह वाटली?
पूर्णपणे, बऱ्यापैकी, मुळीच नाही, सांगता येत नाही.

टिपणीसकाका म्हणाले, मुळीच नाही. ठळक लिही.
चौतीस वर्षं रेल्वेत काढली मी,
साहेबाची बदली साहेबाआधी शिपायाला कळायची,
आणि हे म्हणे हजार माणसांनी मिळून
चंद्राचं गुपित पोटात ठेवलं!
मग दार लोटता लोटता, आवाज खाली आणून,
तो भुयाराचा भाग मात्र… नाही म्हणजे,
मांडवीखालून एक जातं म्हणतात,
माझ्या मामांनी तोंड पाहिलंय त्याचं.
खूण बदलू का, काका?
नको, मुळीच नाहीवरच असू दे.

हसुमतीबेननी पाचपैकी पाच दिले.
नवरा गुरुवारी घरात बसतो.
गोष्ट काय असते ते विचारू नकोस,
मी तेव्हा खाकरे शेकते.

कुतबुद्दीनभाई, वजनकाट्यामागून, खिळे मोजत:
तुला कोण पाठवतं?
कंपनी.
आणि कंपनीला?
मी फॉर्म उलटा करून पाहिला. मागे कोरा होता.
बेटी, मालिका राहू दे,
ह्या कागदावर एक भाग काढायला सांग त्यांना.
हसले, आणि मुलाला पाठवून सोडा मागवला.

विमलबाई घोरपडे, सूरसागरच्या मागची गल्ली, दुसरा मजला.
टीव्हीवरचा विणलेला रुमाल
त्या रोज रात्री काढतात, घडी घालतात, सकाळी परत घालतात.
तेराही भाग पाहिलेत. काही दोनदा.
काय आवडलं?
तो म्हणतो ना, उगाच काही होत नसतं.
कुणीतरी ठरवलेलं असतं, खूप आधीपासून.
मग बराच वेळ वेलदोड्याचं साल नखाने सोलत राहिल्या.
आमचा निरंजन हायवेला गेला.
रस्ता रिकामा. कोरडा. हेल्मेट डोक्यात.
पोलिसांनी लिहिलं, कारण दिसून येत नाही.
नऊ वर्षं झाली,
दिसून येत नाही.
हा माणूस निदान शोधतो तरी.

प्रश्न सातवा होता,
ही मालिका आपण आप्तेष्टांना सुचवाल का.
विचारला नाही.
सांगता येत नाही, सांगता येत नाही,
खाली उतरताना जिन्यातच खुणा केल्या.
'अन्य अभिप्राय'ला दीड इंचाची रेघ होती,
तिच्यावर पेन टेकवला आणि
ठिपका पडला फक्त.
त्यानंतर पुढच्या घरांतही
हात त्याच चौकटीकडे जायला लागला.

सोमवारी कपाडियासाहेबांनी गठ्ठा पत्त्यांसारखा पिसला.
चाळीसपैकी एकोणतीस, सांगता येत नाही?
आणि सगळ्यांचं अक्षर एक?
अक्षर माझंच असणार, म्हटलं, लिहिते मीच.
हेच तर, म्हणाले,
आणि अगदी त्या दाढीवाल्यासारखे थांबले.
घरबसल्या भरलेस ना?

अकरा फॉर्मांचे मिळाले. दोनशे बेचाळीस.
सही केली तीही त्यांनी नीट निरखून पाहिली.

घरी जाताना वाट वाकडी केली, का ते माहीत नाही.
गुरुवार नव्हता,
तरी दुसऱ्या मजल्यावर निळा उजेड हलत होता,
आणि खालपर्यंत येत होता त्याचा आवाज,
पण हे खरंच असं…
मी साबणाची जाहिरात लागेपर्यंत
तिथेच उभी राहिले.