डावीकडून

साठच्या वर गेली की घुमायची.
साठच्या खाली गप्प, जसं काही झालंच नाही.
वडील म्हणाले, उजवं चाक.
मी म्हटलं, डावं.
आई म्हणाली, भांडण्यापेक्षा विकून टाका.

गाडी माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सायीच्या रंगाची
झिगुली. मार्तुनीच्या बाजारात नेलेल्या सिग माशांचा वास
आता सीटच्या कापडाचाच झालेला.
मी मागे आडवी झाले, कान चाकाच्या कमानीला लावून,
आणि वडिलांनी तळ्याकाठच्या रस्त्याला गाडी सोडली.
साठ. पासष्ट. पत्र्यातून आवाज थेट दाढेत,
जात्यात खडा आल्यासारखा.
उठून बसले, म्हटलं, डावं.
काय?
डावं!
ते आरशात माझे ओठ बघत होते.

ओनिकचा जॅक, आमच्या विटा.
ड्रम निघाला तर आत सगळं काळं, ओलं,
ब्रेकच्या पट्ट्या तेल पिऊन सुजलेल्या,
आणि गंधकाचा तो वास, तीन दिवस केसांतून न जाणारा.
सील फाटलेलं. म्हणजे डावंच.
मी काही बोलले नाही.
वडिलांनी फडकं घेतलं,
जे पुसायचं नव्हतं तेही पुसत बसले.

चार नट. तिसरा रुसलेला.
त्याला डिझेल पाजलं, शिव्या घातल्या,
आधी आर्मेनियन, मग रशियन.
रशियनला हलला.

ॲक्सल ओढायचं हत्यार कोणाकडे असतं?
ड्रमच उलटा टांगायचा, बोल्ट सैल ठेवून,
आणि दोन्ही हातांनी हिसडा. धप्. धप्.
सहाव्या हिसड्याला मी ॲक्सलसकट
बटाट्याच्या पोत्यांवर जाऊन पडले.
वडील इतके हसले की त्यांना खोकला आला.

जुनी रिंग छिन्नीने फोडली. बेअरिंग उघडून पाहिलं:
कड्यावर बाजरीच्या दाण्याएवढा खड्डा.
बस्स. वर्षभराची घूं घूं एवढ्याशातून.

नवं बेअरिंग सरकलं, पण त्याला धरून ठेवणारी रिंग
गार असताना बसत नाही. ती तापवावी लागते,
आईच्या कॉफीच्या शेगडीवर.
"शेगडी काळी पडली तर..." आईने वाक्य तिथेच ठेवलं.
आधी गव्हाच्या काडीसारखी पिवळी,
मग जांभळी, मग निळी झाली तसे
वडील म्हणाले, आत्ता!
चिमट्याने उचलली, सोडली. खण्.
बसली. मग निवताना तिची बारीक टिकटिक.
ऐकलंत? मी विचारलं. त्यांच्या डावीकडे उभी होते.
ते रिंगकडे बघत होते.
पुन्हा विचारलं, जरा हळू, मुद्दाम.
ते रिंगकडेच बघत होते.

माझ्या जन्माआधी ते बोगद्याच्या कामावर होते,
डोंगर फोडून तळ्याला पाणी आणायचं.
सुरुंग उडाला तेव्हा कोणत्या अंगाला उभे होते
हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
जेवताना नेहमी डावा खांदा भिंतीला टेकवून बसायचे.
आम्हाला वाटायचं, खिडकीसाठी.

सील मी बसवलं. ओठ आत, ओठावर ग्रीस,
पाइपच्या तुकड्याने सगळीकडून हलके हलके ठोकत,
त्यांनीच कधी शिकवलेलं: एकाच बाजूने मारलंस
तर तिरकं बसेल, आणि तिरकं बसलेलं गळतंच.

संध्याकाळी पुन्हा तळ्याकाठी. साठ. सत्तर.
टायर, वारा, डिकीत सुटा पडलेला एक पाना.
या वेळी मी शेजारी बसले होते, त्यांच्या उजव्या हाताला,
जिथे बसून लहानपणापासून बडबड केली,
आणि एक शब्द वाया गेला नाही.

"गेला का?" त्यांनी विचारलं.
"गेला."
पुढचं वळण येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "डावं तू म्हणालीस ना,
ते मला आधी कळायला हवं होतं."