खात्रीलायक

अर्ज दीड पानाचा.
"गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की"
हे वाक्य मी अकरा वर्षं फाईलला लावतोय.
'की'च्या पुढे फक्त नाव बदलतं.

आज नाव राजमणी बोद्दुल, वय बावन्न,
राहणार विडी घरकुल, पाण्याच्या टाकीमागे.
राहत्या घरी आकडे घेते,
तरी अटक वॉरंट मिळावे ही विनंती.
सोबत वहीचं एक पान, अर्धं फाटलेलं, टाचणी लावून.

मॅडम विचारतात, बातमीदारानं स्वतः पाहिलं का?
फौजदार म्हणतो, बातमी खात्रीलायक आहे.
पाहिलं का?
माणूस विश्वासातला आहे, मॅडम.
विश्वास तुमचा, सही माझी,
असं म्हणून त्या पान माझ्याकडे सरकवतात,
यादीत घ्यायला.

८००. ७५०.
९०० वजा ४०.
१००० वजा ६५.

तंबाखूचा वास आला. कागदाला
किंवा माझ्याच बोटांना.
आई अशीच मांडायची, कॅलेंडरच्या पाठीवर:
कारखान्यात दिलेल्या विड्या, वजा छाट.
छाट म्हणजे तपासणाऱ्यानं मुठीत धरून मोडलेल्या.
त्यांचे पैसे नाहीत.
का मोडल्या विचारलं
तर तो म्हणायचा, बघितलं मी, चल पुढं.

मी तोंड उघडलंच होतं.
मॅडम, हा हिशेब मटक्याचा नाही, एवढंच म्हणायचं होतं,
तेवढ्यात पंख्यानं पान उलटलं.

मागे वेगळी शाई, वेगळं अक्षर.
ओपन चार. क्लोज सात.
जोडीला दहा रुपये, श्रीनू.

श्रीनू म्हणजे मुलगा? जावई?
का तोच, ज्यानं हे पान फाडून आणलं?

मी यादीत लिहिलं: कागद एक, दोन्ही बाजूंनी लिहिलेला.
तोंड मिटलं.

मॅडमनी शेरा मारला,
"माहितीचा आधार नमूद नाही. कारण अपुरे. अर्ज परत."
शेऱ्याखालची रेघ जरा जास्तच दाबून.

जिन्यात फौजदारानं गाठलं.
चहा घेता का? साखर पेठेतला नाही, हा इथला, गाडीवरचा.
तुम्ही घरकुलाकडचेच ना?
मग बाईला ओळखत असाल.
काही बघितलं असेल, कधी जाता-येता,
सहज.
तुमचं नाव कुठंही येणार नाही.

कप गरम होता.
मी तो या हातातून त्या हातात करत राहिलो.