अर्धी चढण

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, डोळ्यांत जागरणाची रेती,
परतवाडा पोस्टातले आम्ही नऊ जण
घुटीच्या डोंगराला निघालो.
खाली शिवारात सोयाबीन काढणं चाललेलं,
मळणीयंत्राचा आवाज पहिल्या वळणापर्यंत सोबत आला,
मग सागाच्या वाळत्या पानांनी तो गिळला.

नानोटे साहेब पुढे, काठी नसून काठी टेकल्यासारखे.
बुरघाटे दर दहा पावलांनी वाघाचा विषय काढी,
शबाना दर दहा पावलांनी तो मिटवी.
वाट दाखवायला फुलाय कासदेकर,
सतरा-अठराची, पायात झिजकी स्लीपर,
आणि आम्ही सगळे नव्या बुटांत घसरत.

पांढऱ्या बुंध्याच्या धावड्यापाशी गुडघा म्हणाला, बस.
एका गोट्यावर टेकले. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे.
कोणी फार आग्रह केला नाही;
त्याचं वाईट वाटलं, आणि बरंही.
आठ डबे, दोन स्वेटर, एक छत्री
माझ्या हवाली करून ते वर गेले.

आधी बोलणं झाडांआड गेलं, मग हसणं,
मग नुसता बुरघाटेचा खोकला उरला,
मग तोही नाही.

मोजे काढून कुसळं वेचत बसले.
दोन्ही मोज्यांत अख्खं माळरान.
एकोणतीस वर्षं शिक्के मारलेले हात,
इतक्या बारीक कामाला त्यांना कोणी बसवलंच नव्हतं.
एक सरडा आला,
मान हलवून माझी नोंद घेतली,
गेला.

दीड तासानं उतरले, तर प्रत्येकाचा डोंगर निराळा.
नानोटेंना धरण दिसलं होतं.
शबाना म्हणे, धरण कुठलं, ताडपत्री ती.
बुरघाटेंना पंजाचा ठसा,
जो फुलायच्या मते गावच्याच कुत्र्याचा.
मी तिला हळूच विचारलं, खरं सांग, वर काय आहे?
"वरतं भी असाच गोटा हाये, बाई.
पन त्याले सावली नाई."

मग माझ्या ढिगातलं एक कुसळ उचलून
तिनं तळहातावर ठेवलं, बाटलीतला थेंब सोडला,
आणि ते फिरू लागलं, सावकाश,
तिच्या हातात जमीन हुडकत.
सगळे वाकले. नानोटे साहेबसुद्धा.
डबे तसेच राहिले.

सोमवारी, काउंटरवर,
स्पंजच्या वाटीशेजारी
ओढणीतून एक पडलं.
समोर रजिस्टरची रांग.
मी ओलं बोट टेकवलं.

रांगेतला म्हातारा जाळीला नाक लावून म्हणाला,
"मॅडम, जित्तं हाये काय ते?"
"थांबा," म्हणाले,
"बघू."