साडेपाच तास

लीड्स, बाथ, सेंट अँड्र्यूज —
ही नावं मला आता पाषाणच्या बसथांब्यांसारखी पाठ.
एक्केचाळीस पत्रं गेली.
उत्तरं तीन:
एक रजेवर असल्याचं, आपोआप आलेलं,
एक ‘निधी संपला’,
आणि लीड्सच्या बाईंच्या दोन ओळी —
गुरुवारी बोलू. दुपारी दोनला.

सर म्हणाले, यील्ड वाईट नाही,
तुझ्या सातव्या पायरीपेक्षा तर बरंच.

तिकडचे दोन म्हणजे आपले साडेसहा.
मागे फ्यूम हूडचा पसारा दिसू नये
म्हणून खुर्ची फिरवली, ओढणी सारखी केली.
पडद्यावर मी एकटीच.
पावणेसात. मी एकटीच.
मग आठवलं, रविवारी त्यांनी
घड्याळं तासभर मागे घेतली असणार.
थंडी आली की आपण स्वेटर काढतो,
ते वेळच बदलतात.

खाली काचशाळेत घोलप
माझ्या कंडेन्सरचा तडा सांधत होते.
निवृत्तीला चार महिने राहिलेत त्यांच्या,
जागी कोणी येणार नाहीये.
‘‘तिकडं काच कोण फुंकतं गं?’’
माहीत नाही. विकतच घेत असतील.
‘‘विचार की,’’ म्हणाले,
आणि सांधा दिव्याकडे धरून
बराच वेळ बघत राहिले.

साडेसात. बाईंनी सगळं विचारलं:
पॅलेडियम, व्हिसा,
हवा न लागू देता काम जमतं का.
शेवटी हसून, तुला काही विचारायचंय?

पगाराचं वाक्य वहीत तयार होतं, दोनदा खोडून.
मांडीवर कंडेन्सर,
अजून कोमट.