पाणकराची नाडी

उपकेंद्राच्या पडवीत सखरू कापगते बसलाय,
बंडीची बटणं मोकळी,
पाय गुडघ्यापर्यंत बांधीच्या चिखलाने राखाडी.
नाडी अठ्ठावन्न. मी वहीत लिहिते.
तो विचारतो,
"बाई, थो त बरगडीमांगं अंधारात.
मी पाळीवर चढून रायलो का खाटेवर पडून रायलो,
त्याले सांगते कोण?"

मी प्रशिक्षणात पाठ केलेलं सांगू लागते :
पोटरी राबली की तिथलं रक्त आंबतं, तापतं,
बारीक नळ्या आपणहून सैल होतात,
रक्त तिकडे वळतं,
आणि जितकं वळलं तितकंच माघारी येतं.
हृदय आलेलं पुढे ढकलतं, बस.
जास्त भरलं तर जास्त ताणतं,
जास्त ताणलं तर जोरात आवळतं.
बसल्या जागी मिनिटाला पाच लिटर,
धावताना चौपट.

तो हसतो. तंबाखूचे दात.
"म्हंजे त्याले मालूमच नाई."

मग तुडुमाचं सांगतो.
रोवणा झाल्यावर आभाळ कोरडं पडतं,
तेव्हा हा रात्री पाटाच्या काठी निजतो, कान भुईला.
वर कोणी फाटा मोकळा केला
की पाट पातळ बोलतो.
हा उठतो, तुडुमाची एक खुंटी काढतो, परत निजतो.
"मांगते कोण, कायले मांगते, मले काय करा लागते?
पाट हलका झाला, येवढंच समजते."
फक्त पऱ्ह्याची बांधी तोडायची नाही कधी,
बाकी सगळे सुकले तरी.
(डोकं, मी मनात म्हणते. डोक्याचं पाणी शरीर तोडत नाही.)

"आणि तुमची बांधी?"
"शेपटाले. सगळ्यायचं झाल्यावर."

हृदयाचं तसं नाही, मी सांगते.
पहिलाच फाटा त्याचा.
पण पिता येतं ते दोन ठोक्यांच्या मधे,
मूठ सैल पडते तेवढ्यात.
काम वाढलं की आधी ती उसंतच आखडते.

तो गप्प.
पडवीच्या पत्र्यावर एक कावळा चालत जातो, त्याची नखं ऐकू येतात.
मग,
"परवापासून पाळ चढताना दोनदा थांबा लागते.
डावा हात जड. ग्यास होय."
हे म्हणताना पंजा छातीवर सपाट ठेवलेला,
तुडुमावर ठेवतात तसा.

मी चिठ्ठी लिहिते : भंडारा, आजच.
"आज हातवारायची पाळी हाये."
आजच.
"खुंटी कोण काढंल?"
सून, पारबता, दारातून म्हणते, मी काढतो मामाजी,
मले येते आवाज.
तो तिच्याकडे बराच वेळ बघतो,
जणू तिला कान आहेत हे आत्ता कळलं.

गोळी जिभेखाली देऊन मी त्याला चटईवर आडवा करते.
तो सवयीने कुशीवर वळतो, कान फरशीला.
गाडी साकोलीहून निघाली म्हणतात.
डोळे मिटूनच म्हणतो,
"कोणं त फाटा फोडला. उठा लागते."

माझा हात त्याच्या खांद्यावर.
नाडी एकशे चार.